पान्याची गाडी लेट का?

सोसायटीत टँकर आला की बाळारामकाका दुसऱ्या मजल्यावरून हातात घड्याळ घेऊन खाली उतरायचे. बादली नाही, कळशी नाही, घड्याळ! टँकरवाल्याला विचारायचे, "पान्याची गाडी आज लेट का रं?" मी सोसायटीची सेक्रेटरी, टँकरसाठी फोन करकरून घसा बसलेली. मला वाटायचं, टोमणा मारताहेत. एकदा तडकून बोललेच, "काका, ही काय रेल्वे आहे?" तर ते साधेपणानं म्हणाले, "आमच्याकडं रेल्वेच व्हती, ताय."

इथून माझा गोंधळ सुरू झाला. काका उरणकडच्या मिठागरवाल्यांचे. उमेदीची सगळी वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेली, आता पुतण्याकडे राहायचे. यांच्याकडे पाण्याची रेल्वे कुठून आली? हळूहळू कळलं ते असं. मिठातला जाणकार म्हणून त्यांच्या वडिलांना कुणी मारवाडच्या वाळवंटात नेलं होतं. तिथे मिठाचा कारखाना, एक स्टेशन आणि पत्र्याच्या खोल्या, एवढंच खारीसर. काकांचा जन्म तिथलाच. शाळा भरायची चाकं काढलेल्या रेल्वेच्या डब्यात. मीठ भरून गाडी जायची, पाणी भरून गाडी यायची. "ती नाय आली तं आई तांदूळ धुवायची नाय, तसंच रांधायची," हे सांगताना स्वतःच हसायचे. पुढे नवे रूळ दुसरीकडून गेले, कारखाना बंद पडला, लोकांनी पत्रेसुद्धा उचलून नेले. काकांची धाकटी बहीण तिथेच तापानं गेली. पाण्याच्या टाकीमागे पुरलेली. "कुनीतरी एकदा बगून या. ती जागा हाय का नाय, येवढंच," हे काकांचं पालुपद.

माझा मुलगा कामासाठी जोधपूरला जातो. मी मोठ्या हौसेनं नकाशात खारीसर शोधून त्याला पाठवलं. त्यानं फोटो आणले: हिरवं शेत, देऊळ, काठोकाठ भरलेली विहीर. गावातले म्हातारे म्हणाले, इथे कधी कारखाना नव्हता, रूळही नव्हते.

काकांनी विहिरीचा फोटो जवळ धरला, लांब धरला. "हीर असती तं पान्याची गाडी कशाला आली असती?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताय, मंग आमी ऱ्हायलो कुटं?"

काकांना हल्ली विस्मरण होत होतं. म्हटलं, सगळं मनातलंच असेल. खोटं कशाला बोलू, पुतण्याला मी तसं सांगितलंही, आणि दाराआड काकांनी ते ऐकलं. त्यानंतर टँकर आला तरी ते उतरेनात. बहिणीचा विषय निघाला की म्हणायचे, "व्हती का नाय, कोन जाने." माझ्या जिवाला घोर लागला. मेली माझी जीभ!

एके दिवशी ते पुतण्याला सोडायला पनवेल स्टेशनवर गेले आणि तिथून थेट माझ्या दारात, धापा टाकत. "ताय, रोड! आमी रोड इसरलो!" स्टेशनवर वसई रोडच्या गाडीची घोषणा ऐकली होती म्हणे. "आमचं खारीसर रोड! बा सांगायचा, नावात रोड लिवला का समजायचं, गाव हितं नाय. गाव असल चार कोस लांब."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे मुलगा गेला ते गाव खरं, आणि काकांचं ठिकाणही खरं. त्या दिवशी टँकर नव्हता, तरी काका घड्याळ घेऊन गेटपाशी जाऊन बसले.

मुलगा दिवाळीनंतर पुन्हा जायचा होता. काका दसऱ्याआधीच गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलाला मी बजावलंय, तरीही जायचं, टाकीमागे बघून यायचं.

निधनाची सूचना फळ्यावर लिहायचं काम सेक्रेटरीचं. मूळ गाव काय लिहू? पुतण्या म्हणाला, उरण लिहा. मी खडू धरून खुळ्यासारखी उभी. शेवटी 'खारीसर' लिहिलं. जिना चढले, परत उतरले आणि पुढे 'रोड' लिहिलं.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हरनं फळा वाचून विचारलं, "मॅडम, हे कुठं आलं?"

रडू आवरत मी म्हटलं, "रोड लिहिलंय ना? म्हणजे गाव इथं नाही."