जॅकेटवरचे किडे

“भावाचं जॅकेट किती मन लावून पुसतेय बघा. गुणाची आहे हो तुमची मुलगी,” शेजारच्या काकू आईला म्हणाल्या. आई नुसती हसली.

मी गॅलरीत बसून चामड्यावर वाळलेल्या किड्यांवर ओलं फडकं ठेवत होते. ते खरवडले तर ओरखडे उठतात. मऊ होईपर्यंत थांबून अलगद टिपावे लागतात. काल घाट उतरताना ते सगळे माझ्यावर येऊन आपटले होते. कोपरावरचा चिखल एका वळणावर गाडी घसरली तेव्हाचा. ती मी एकटीनेच उचलली होती.

पुरुषाच्या कपड्यावरचा मळ त्याचा प्रवास सांगतो. बाईच्या हातात मळका कपडा दिसला, की तो दुसऱ्या कुणाचा तरी असणार, असं सगळे धरूनच चालतात. आईला तर खरं ठाऊक होतं. पण स्थळं बघायला लागल्यापासून माझी बुलेट आमच्या घरात एखाद्या आजारासारखी लपवली जाते. आणि मीही गप्प बसत आले आहे.

“दादाला म्हणावं, नशीबवान आहेस,” काकू म्हणाल्या.

मी फडकं खाली ठेवलं. “काकू, जॅकेट माझं आहे. दादाला गाडी येत नाही, तो माझ्या मागे बसतो.”