भट्टीताईंनी पाहिलेला हायड्रोजन

आमच्या कारखान्यात वायूपासून इंधन आणि मेण व्हायचं. ज्या लोखंडी भुकटीवर ते घडायचं ती भट्टीत भरायची आणि कामातून गेली की उपसायची, हे भट्टीताईंचं काम. त्यांना साहेबसुद्धा भट्टीताईच म्हणायचे. भुकटी लालसर आत जायची, काळीकुट्ट होऊन बाहेर यायची.

"मधे होतं तरी काय गं?" त्या भाचीला विचारायच्या. भाची संशोधक.

"उघडून बघायची सोय नाही ना मावशी! हवा लागली की सगळं बदलतं."

मग एकदा भाचीनंच निरोप धाडला, वापरलेली भुकटी घेऊन तूच ये. अशा भुकटीला वारा लागला तर ती पेटही घेते. म्हणून ताईंनी हवाबंद पेटीत, रबरी हातमोजे घालून, ती ॲल्युमिनियमच्या चपट्या डबीत भरली. वाटभर डबी नजरेआड होऊ दिली नाही. "नवऱ्यालाही एवढं कधी जपलं नाही," म्हणाल्या.

प्रयोगशाळेचं दालन विमान मावेल एवढं मोठं. जाड काँक्रीटच्या भिंतीआडून न्यूट्रॉनचा झोत यायचा. भाचीनं डबी कमालीची गार करून त्या झोतात ठेवली.

"अगं, झाकण काढलंच नाहीस!"

"गरजच नाही. न्यूट्रॉन या पत्र्यातून आरपार जातात. हायड्रोजनला धडकले की मात्र चौफेर उधळतात. त्यावरून कळतं, तो कशाला धरून कसा हलतोय."

पडद्यावर नव्या भुकटीची रेघ होती, जवळजवळ सपाट. तिच्याखाली ताईंच्या डबीची रेघ उमटू लागली. दुपार कलेपर्यंत तिच्यावर ठळक उंचवटे आले.

"हा बघ, कार्बनला बिलगलेला हायड्रोजन," भाचीनं बोट ठेवलं. "काम करता करता लोखंडानं दोघांचं पांघरूण ओढून घेतलंय. त्याच्यासकट ते इंधन घडवतं."

"आणि हे हलतंय? एवढ्या गारठ्यात?"

"हो. कितीही गार कर, अणू पुरते थांबत नाहीत कधी."

ताई पडद्याजवळ सरकल्या. घमेल्यानं ओतलेली, नखांतून खरवडलेली, वैतागून शिव्या घातलेली ती भुकटी! त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. भाची जेवायला बोलवायला आली, तर म्हणाल्या, "तू घे जेवून. मी बघते जरा."

परतल्यावर त्यांनी आम्हाला एकेकाला धरून हे सगळं सांगितलं. पुढच्या भरणीला, झाकण बसवण्याआधी, सगळ्यांना वाकून आत बघायला लावलं. आत नुसती लाल भुकटी होती. तरी आम्ही कितीतरी वेळ बघत राहिलो.