वजिराला नमस्कार

हौसाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. स्पर्धेतले चार डाव तिने असेच काढले. चालीपुरता एक हात बाहेर, की लगेच आत.

मिरकरवाड्याची हौसा मासे विकते. बुद्धिबळ शिकली ती जेटीवर. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की नवरा रावजी आणि खलाशी पट मांडायचे. ही शेजारी जाळी विणता विणता बघायची. होडीत चढण्याआधी नाळेला, तिच्या पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळी लावतात, तसा ती अवघड चालीआधी वजिराला नमस्कार करी. जेटीवर कोण अडवणार? इथे मात्र आपल्या सोंगटीला हात लागला की तीच हलवायची. सकाळी रावजी म्हणाला होता, "हात आवर गो. तुझा देव पंचाला दिसायचा नाय."

हा शेवटचा डाव. बरोबरी झाली तरी जिल्ह्याच्या महिला संघात जागा होती. समोर खेडची सानवी, नववीतली पोर. हौसाने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं, मग शेजारचं, उंटापुढचं, गरीला आमिष लावावं तसं पुढे ठेवलं. सानवीने ते घेतलंच नाही. शांतपणे एकेक मोहरं आणत तिने हौसाचा घोडा घेरला. त्याला राखायला एकटा वजीर.

घड्याळात चार मिनिटं उरली. हौसाच्या डोळ्यांपुढे पट हलायला लागला. तिने मनात देवीचं नाव घेतलं आणि हात कपाळाला टेकला तेव्हा तिला कळलं, तो वजिराला लागून आला होता.

"काकू, वजिराला हात लावलात."

पंच आले. त्यांनी पाहिलं नव्हतं. "ताई, लावलात?"

नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. पण देवीचं नाव घेऊन लावलेला हात नाकारायचा कसा?

"लावला," ती म्हणाली.

वजीर हलला, घोडा गेला, आणि दहा चालींत डावही.

"रागावलात काय, काकू?" सानवीने हळूच विचारलं.

"नाय गो. नियम तो नियम."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. रावजीचा फोन आला. "काय झालं?"

"हरले. हात सुटला."

"पुढल्या खेपेला बांधूनच धाडतो."

"नको," हौसा म्हणाली. "घड्याळ चालू व्हायच्या आधीच नमस्कार करून घेईन."