आपाबाईंचे तंबू

आपाबाई कोणाच्याही अंगणात आल्या की बसायच्या आधी टाचेने जमीन दाबून बघायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा आई खुर्ची घेऊन उभी होती आणि या चपला काढून तुळशीशेजारी टाच रोवत होत्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मुरूम आहे. खुंटी बसन, पण हात दुखवन." आईला वाटलं, यांना कुठे तरी म्हैस बांधायची आहे.

खुंटी तंबूची होती. त्यांचं नाव शकिला. मोताळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. मुसलमान मुली त्यांना आपा म्हणायच्या, बाकीच्या बाई, आणि पाचवी-सहावीतल्या पोरींनी दोन्ही जोडून टाकलं होतं. उंच, काळ्यासावळ्या, गळ्यात कायम शिट्टी. लग्नाला गेल्या तरी जरीच्या साडीवर ती शिट्टी असायचीच. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नव्हतं. मंडप भाड्याने देणाऱ्या भावाच्या गोदामामागे एका खोलीत राहायच्या. एकदा शाळेने रांगोळी स्पर्धेचं परीक्षण त्यांच्या गळ्यात घातलं, तर त्यांनी सगळ्यांना पहिला नंबर देऊन टाकला आणि मैदानावर निघून गेल्या.

दरवर्षी कापसाची दुसरी वेचणी आटोपली की त्या मुलींना दोन रात्रींसाठी तलावाकाठच्या वनउद्यानात न्यायच्या. आधी नेता यायचं नाही, कारण दिवाळीची सुट्टी म्हणजे वेचणी. पोरींच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे असायचे. उशीर केला तर थंडी वाढायची. ते मधले चार-पाच दिवस आपाबाई घरोघर फिरून मागून घ्यायच्या. "दोन रात्री द्या पोरीच्या. तिसऱ्या दिवशी वावरात आणून उभी करतो," असं त्या बापांना सांगायच्या. पीठ, डाळ, कांदे ज्याचे त्याने आणायचे. तंबू आपाबाईंचे. भावाच्या गोदामातलं विटलेलं मंडपाचं कापड त्यांनी मशीनवर शिवलं होतं, लाल-पिवळं, कुठे कुठे झालरीसकट. दव पडू नये म्हणून वर प्लास्टिक. झाडांमध्ये ते उभे राहिले की बसमधली माणसं खिडकीतून विचारायची, "कोनाचं लगन आहे बे जंगलात?"

मी त्या शाळेतली नव्हे. मी रोज गाडीने बुलढाण्याला इंग्रजी शाळेत जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि गल्लीत कोणाशी बोलायचं नाही म्हणून गच्चीवर बसायचे. तेव्हा आईनेच आपाबाईंना बोलावून घेतलं होतं. "हिला जरा माणसांत न्या."

त्यांनी मला नाव विचारलं.

"मृण्मयी."

"एवढं नाव हाका मारेपर्यंत पोट्टी तलावात पडन व. मुन्नी म्हणतो."

तंबूत माझी सोबतीण रंजना होती. तिच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू होती आणि माझ्या वडिलांचं कृषी केंद्र. त्या वर्षांत सगळा तालुका बीटी बियाण्याच्या मागे होता. आमच्या दुकानाच्या भिंतीवर पांढऱ्याशुभ्र बोंडांची चित्रं लागलेली असायची. पहिल्याच रात्री रंजना मला म्हणाली, "तुह्या बाबाच्या पाकिटावर बोंड आहे ना, तसं बोंड आमच्या वावरात फक्त पाकिटावरच पाह्यलं आम्ही." आणि खो खो हसली. मग तिने आपल्या गोधडीचं अर्धं टोक माझ्यावर टाकलं आणि पाठ करून झोपली.

झोपण्याआधी एक रीत होती. जेवणं झाली, कंदील मालवला की आपाबाई आपल्या तंबूतून एकेकीला हाक मारायच्या. जिला हाक, तिने जागेवरूनच "हाव, बाई" म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव नाही. नसीमचं "हाव" गाण्यासारखं यायचं, वच्छीचं जांभईतून. माझं कापडाच्या बाहेरच पडायचं नाही.

"मुन्नी?"

मी म्हणायचे. ऐकू जायचं नाही.

"मुन्नी! कोल्ह्यानं नेली का?"

मग रंजनाच ओरडायची, "आहे बाई, जित्ती आहे! तोंडातल्या तोंडात बोलून राह्यली!" साऱ्या तंबूंमधून हसू फुटायचं. त्या हशात मीही असायचे, अंधारात, कोणी बघत नसताना. मला वाटतं, वर्षभर मी त्या हशाचीच वाट बघायचे.

उद्यानाची पावती आधी नावापुरती होती. फाटकावरचे वानखेडेभाऊ पावती फाडायचे आणि वर जळतण कुठे सापडेल तेही सांगायचे. मग एका वर्षी तिथे फलक लागला. माणशी पैसे वेगळे, तंबूचे वेगळे, शेकोटीचेही वेगळे. आपाबाई कमरेवर हात ठेवून फलकासमोर उभ्या राहिल्या.

"काय हो भाऊ, जमीन वाढली का जराशी?"

"नाही बाई."

"तारे वाढले?"

"काऊन मजाक करता, बाई?"

"मंग रेट काऊन वाढला?"

"सुविधा झाली ना. कमोडचा संडास बांधला."

"आमच्या पोरी त्याच्यावर चढून बसतीन, तुमालेच उतरवा लागन!"

वानखेडेभाऊ हसले, पण पैसे त्यांनी फलकाप्रमाणेच घेतले. पुढच्या वर्षी फलकावरचे आकडे खोडून वर नवे लिहिले होते, त्याच्या पुढच्या वर्षी फलकच नवा होता. तिकडे गावात पाऊस खंड देत होता आणि फवारणीचे पंप आठ-आठ दिवसांनी पाठीवर चढत होते. घरोघरी बाप आता आपाबाईंना चहा पाजायचे आणि पोरीबद्दल बोलायचे नाहीत. नसीम आली नाही. मग वच्छी. रंजना आली, ती शेवटची, आणि त्याही वेळी आपाबाईंनी तिची पावती स्वतःच्या पावतीबरोबर फाडून घेतली होती. ते रंजनाला कळलं. त्या रात्री तिने माझ्या वतीने हाकेला उत्तर दिलं, पण मोठ्याने नाही.

मग उद्यान एका ठेकेदाराकडे गेलं. आपले तंबू आणायचे नाहीत, त्यांचेच घ्यायचे, जेवणही त्यांचंच. एका पोरीच्या दोन रात्रींना जे लागणार होतं, ते मिळवायला तिला दिवाळीची अख्खी सुट्टी कोणाच्या तरी वावरात वाकून कापूस वेचावा लागला असता. आपाबाई तरीही सात-आठ घरं फिरल्या. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी जमीन दाबून बघितली नाही.

"नाही म्हणतात?" आईने विचारलं.

"नाही कोनी म्हणत नाही, ताई. पुढच्या वर्षी पाहू म्हणतात." शिट्टी बोटांत फिरवत त्या म्हणाल्या, "मले रिटायर व्हायले एकच वर्ष राह्यलं."

वडील आतून बाहेर आले. म्हणाले, "मुन्नीचे भरतो मी. तुमचेही भरतो. तुम्ही दोघी जाऊन या."

मला वाटलं, त्या चिडतील. आईने कपबशा उचलायला घेतल्या. मग त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्यांना तिथे झोपायचं किती होतं, ते मला त्या एका शब्दात कळलं.

आम्ही दोघी गेलो. बसने, तंबूंशिवाय. रिकाम्या हातांचं काय करावं ते आपाबाईंना सुचत नव्हतं. फाटकावर वानखेडेभाऊ नव्हते, गणवेशातला एक तरुण होता. त्याने आमच्या मनगटांना कागदी पट्टे बांधले. आत निळे तंबू एका ओळीत उभे होते, प्रत्येकाखाली सिमेंटचा ओटा. आपाबाईंनी चप्पल काढली, टाच दाबली. पुन्हा दाबली.

"इथं खुंटी कुठं ठोकाची, भाऊ?"

"ठोकायची नाही मॅडम. रेडिमेड आहे."

त्यांनी मान हलवली आणि चप्पल घातली.

पलीकडे अकोल्याहून आलेल्या कोणाचा तरी वाढदिवस होता. दिव्यांच्या माळा होत्या, कर्ण्यावर गाणी होती. आम्हाला ताटात पनीर मिळालं. आपाबाईंनी पिशवीतून घरची भाकर काढली, अर्धी मला दिली, आणि वाढणारा मुलगा बघतोय असं दिसल्यावर पदराआड धरली. बोलणं फारसं झालं नाही. मी बोलणारी नव्हेच, आणि त्यांना बोलायला समोर गर्दी लागायची.

त्यानंतर वर्षभराने त्या निवृत्त झाल्या आणि साखरखेर्ड्याला धाकट्या बहिणीकडे गेल्या. मी त्यांना मोताळ्याच्या स्टँडवर मेहकरच्या गाडीत बसवून दिलं. ते लाल-पिवळे तंबू भावाने उसवून सोयाबीनच्या गंजीवर घातले होते, असं त्यांनीच खिडकीतून सांगितलं. "झाकाच्या कामी आले, चांगलं झालं," म्हणाल्या. मी पुण्याला शिकायला गेल्यावर त्या वारल्या. मला ते आईने फोनवर सांगितलं. त्या दिवशी वसतिगृहात सगळ्याजणी जेवायला खाली गेल्या होत्या आणि मी खोलीतच बसून होते. मला स्टँडवरचा निरोप आठवला नाही. त्या निळ्या तंबूतली रात्र आठवली.

जेवणं झाली तशी आपाबाईंनी आपल्या तंबूतला दिवा बंद केला. मी शेजारच्या तंबूत होते. वाढदिवसवाल्यांची गाणी चालूच होती. थोडा वेळ गेला आणि कापडापलीकडून नेहमीचा आवाज आला.

"नसीम?"

मला वाटलं, झोपेत बोलतायत. मग "वच्छी?" मग "सुनीता?" एकेका नावानंतर त्या थांबत होत्या, पूर्वी उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढाच. एकही नाव त्यांनी गाळलं नाही. "रंजना?" म्हणाल्या, तेव्हा जरा जास्त थांबल्या.

"मुन्नी?"

आता माझ्या वतीने ओरडायला कोणी नव्हतं.

"हाव, बाई," मी म्हणाले. एका हाकेत. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सतरंजीवर कूस बदलल्याचा आवाज आला.

"झोपा मंग, पोरीहो," आपाबाई म्हणाल्या.