दुसऱ्यांदा लावलेला कौल

मकरंद लहान असताना कुठलीही गोष्ट एकदा विचारून त्याचं भागत नसे. सहल कधी आहे हे तो मला विचारायचा, मग बाहेरच्या खोलीत जाऊन अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, तेच विचारायचा आणि दोघांची उत्तरं जुळतात का ते बघायचा. दिवा लागला तरी बंद करून पुन्हा लावायचा.

"लागलाय की रे," अण्णा ओरडायचे.

"परत लागतो का बघतोय."

असा मुलगा मोठा होऊन सॉफ्टवेअर टेस्टर झाला यात नवल नाही. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहायची आणि दर वेळी तेच उत्तर आलं, तरच ते मानायचं.

माझे सासरे खानापूरकडचं गाव सोडून बेंगळुरूला आले, तेव्हापासून आम्ही चामराजपेटेत आहोत. मकरंद नोकरीसाठी के. आर. पुरमला खोली घेऊन राहतो आणि शनिवारी घरी येतो. अशाच एका शनिवारी जेवताना तो म्हणाला, "आई, हे जग बहुतेक खरं नाही. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चाललंय."

"आमटीत मीठ कमी पडलंय, तेही त्यांनीच केलं काय?" अण्णांनी विचारलं.

तो हसला नाही. कॉम्प्युटरमधली माणसं दिवसेंदिवस हुशार होत चालली आहेत, म्हणाला. उद्या त्यांना कळणारही नाही की आपण आत आहोत. मग आपण बाहेर आहोत कशावरून? प्रकाशाच्या वेगालासुद्धा मर्यादा आहे, कारण मशीनची ताकदच तेवढी. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं. मी म्हटलं, मर्यादा असायला कॉम्प्युटरच कशाला हवा?

"नसेलही. पण तपासून बघायला काय हरकत आहे?"

तेव्हापासून तो जगाची परीक्षा घ्यायला लागला. रस्त्यानं चालता चालता गर्रकन मागे वळायचा. आपण बघत नसताना मागचा रस्ता जागेवर असतो का, हे पाहायला. अण्णांना गंमत वाटायची. "तुझ्या त्या मालकाला सांग, म्हैसूर रोडची गर्दी स्वल्प कमी कर म्हणावं." मला मात्र हसू येत नसे. ज्याला जग खोटं वाटतं, तो गाड्या बघून रस्ता ओलांडेल का? काहीतरी निमित्त काढून मी त्याला फोन करायची. तो उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

मग अश्लेषा आली. नागपूरची, त्याच्याच ऑफिसातली. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि त्याचं ते सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे मीपण कोडच का रे?"

"असशीलच."

"मग चुका नको शोधू बाप्पा. जशी आहे तशी चालव."

मकरंद चक्क लाजला. लग्न करतोस का, असं तिनंच विचारलं, आणि त्यानं उलट काही न विचारता हो म्हटलं. मला वाटलं, सुटलो आपण. आता याचे पाय जमिनीवर राहतील.

आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी गावच्या देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या लग्नाआधीही लावला होता. आम्ही चौघं गाडी करून गावी गेलो. अश्लेषानं माझी हिरवी साडी नेसली होती.

पिराजी गुरवानं पाकळ्या लावल्या. "आई, ह्या लेकराचं ह्या पोरीशी लगीन व्हावं असं तुझ्या मनात असंल तर उजवी दे."

फार वाट पाहावी लागली नाही. उजवी पडली. अण्णांनी घंटा वाजवली. मी ओटीचं ताट उचललं.

"एकदा परत लावा," मकरंद म्हणाला.

"देवीनं दिली की रे बाळा. आता कशाला?" पिराजी म्हणाला.

"एकदा पास झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही."

मी त्याचा हात दाबला. अण्णा "सरी, बरं, चल आता" म्हणून उठलेसुद्धा. पण तो हलेना. शेवटी पिराजीनं पुटपुटत पुन्हा पाकळ्या लावल्या. तेच गाऱ्हाणं, तीच नावं.

डावी पडली.

माझ्या हातातलं ताट कलंडलं. मकरंदचा चेहरा मात्र खुलला होता. "बघितलंत? प्रश्न तोच, उत्तर वेगळं! म्हणजे आत कुणी उत्तर देत नाहीय, नुसतं रँडम आहे!" तो कौतुकाच्या अपेक्षेनं अश्लेषाकडे वळला. ती ओचा सावरत पायऱ्या उतरत होती.

परतताना धारवाडजवळ चहाला थांबलो. ती मला म्हणाली, "काकू, कौलबिल मी मानत नाही. डावी-उजवीचं मला काही नाही." मग त्याच्याकडे वळली. "तुला पाहिजे ते उत्तर मिळालं होतं. परत कशाला विचारलं?"

"ते तुझ्याबद्दल नव्हतं गं. मी सिस्टिम तपासत होतो."

"प्रश्न तर माझाच होता ना?"

तो हावेरीपर्यंत तिला शक्यतेचं गणित समजावत राहिला. ती खिडकीबाहेर बघत होती.

महिन्याभरात तिनं नोकरी बदलली आणि नागपूरला गेली. डाव्या कौलानं तिचं मन खट्टू झालं, अशीच मकरंदची समजूत. त्या कौलाला काही अर्थ नाही, हे तिला तो लांबलचक मेसेज करून पटवत राहिला. शेवटी तिचा एकदा फोन आला. ती म्हणाली, "जग खरं असो की खोटं, मला लागलं ते लागलंच ना, मकरंद?"

हे त्यानंच मला सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, भाजी निवडताना. म्हणाला, "आई, कुणी हे सगळं चालवत असेल तर त्याच्याकडे मागची प्रत जपून ठेवलेली असेल. गाभाऱ्यात उजवी पडली, तिथपर्यंतची. तिथून परत सुरू करता येईल." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला पुन्हा त्या रस्त्याची, गाड्यांची भीती वाटली.

मी म्हटलं, "अरे, तिचं अजून कुठं ठरलेलं नाही. नागपूर काय परदेशात आहे का? जा, आणि तिला विचार."

"परत?" तो म्हणाला. "एकदा तिनंच विचारलं होतं, आई. आता कोणत्या तोंडानं विचारू?"

त्यानं निवडलेली भाजी माझ्याकडे सरकवली आणि के. आर. पुरमला जायला निघाला. पोचलास की फोन कर, एवढंच मी म्हटलं.