एलियाहूच्या खडकावरचा नवस

जगभरच्या ज्यूंची प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेने जाते. आमच्या जळगावच्या गल्लीतली मात्र आधी अलिबागकडे वळायची.

समोर नाना राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, आणि आमच्या माहितीतले गावातले एकमेव ज्यू गृहस्थ. घरात काही शुभ घडलं की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. ताट झाकून आमच्याकडे यायचं. आम्ही त्याला प्रसाद म्हणायचो. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, कधी दुरुस्ती केली नाही. आता दोघंही मुलाकडे इस्राएलला असतात. गल्लीत वेलची अजून कुटली जाते, पण चहासाठी.

अक्का मोठ्या आजारातून उठल्या, त्या वर्षी नाना नवस फेडायला निघाले. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू पैगंबर तिथूनच घोड्यांच्या रथातून स्वर्गात गेले आणि रथाचे ठसे मागे राहिले, अशी श्रद्धा. मी ते ठसे पाहिले आहेत. पाहताना श्रद्धा असलेली बरी.

अडचण एकच होती. दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय नवस पुरा फिटत नाही, असं नानांचं मत. आणि भाऊबंद तर कधीच इस्राएलला गेलेले.

"दहाच ना, नाना? गल्लीना बठ्ठा येतीन," शेजारचे आबा म्हणाले. "टोप्या बी घालतीन!"

"टोपीने ज्यू होता आलं असतं आबा, तर अख्खा खानदेश ज्यू असता."

तरी आम्ही जीपमध्ये बसलोच. तिथे कोणी ना कोणी भेटेल, या भरवशावर. खडकापाशी पोचताच आबांनी पिशवीतून नारळ काढला आणि भक्तिभावाने थेट रथाच्या ठशावर फोडला. आम्ही चपापलो.

"राहू दे," नाना म्हणाले. "घोड्यांना तहान लागली असेल."

मग वाट पाहणं. दुपार कलली.

"चला आता. देवाला समजतं," अक्का म्हणाल्या.

"त्याला समजतं गं. पण शब्द मी दिलाय."

तेवढ्यात एक बस आली. उतरलेली मंडळी आपसात हिब्रू बोलत होती. ड्रायव्हरशी मात्र भांडली अस्सल मराठीत. मूळची इकडचीच, इस्राएलमधल्या अश्दोदहून नवस फेडायला आलेली. पुरुष दहापेक्षा जास्तच निघाले. नानांनी प्रार्थना सुरू केली. अक्का डोळे न पुसता ऐकत होत्या.

नंतर मलिद्याच्या ताटाभोवती मी त्यांच्यातल्या एका काकांना विचारलं, जेरुसलेमची ती प्रार्थनेची पवित्र भिंत कशी आहे? त्यांच्या घरापासून ती तासाभरावर. बरीच वर्षं जाणं झालं नाही, म्हणाले. तिथे पार्किंग मिळत नाही.