रमाच्या तापाला लागू पडणारं औषध

रमाच्या लघवीत सापडलेल्या जंतूवर नेहमीची औषधं चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी उभीच होते. त्यांनी खुर्ची दाखवली, पण मला बसवेना.

रमा माझी मुलगी, पाच वर्षांची. आम्ही पुण्याचे, नोकरीमुळे इथे तेलुगू मुलखात, तारनाक्याला राहतो. ताप आला तेव्हा जवळच्या दवाखान्यातून सिरप आणलं. ताप उतरायचा आणि परत चढायचा. मग लघवी करताना ती रडायला लागली, पाठ दुखते म्हणाली, आणि आम्ही तिला मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे यूरिन कल्चर केलं. म्हणजे लघवीचा नमुना ठेवून त्यात कोणता जंतू वाढतो आणि तो कशाने मरतो, हे बघतात. याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस माझा नवरा सलील व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता आणि मी दर थोड्या वेळाने तिच्या कपाळाला हात लावत होते.

रिपोर्ट आला तो असा. जंतू रेझिस्टंट होता, म्हणजे औषधांना दाद न देणारा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. अमिकासिन नावाचं इंजेक्शन लागू पडणार होतं, पण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, ऐकूही कमी येऊ शकतं. सलीलने दुसरा पर्याय विचारला. होता, पण तो मूत्रपिंडाला याहून जड.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आपका डर सही है, अम्मा. मगर इन्फेक्शन किडनी में बैठ गया तो नुकसान पक्का है. दवा पे हम रोज नजर रखेंगे."

आम्ही हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

रमाला वेगळ्या खोलीत ठेवलं. हा जंतू हातांवरून दुसऱ्या मुलांपर्यंत जाऊ नये म्हणून. मी हात धूत राहायचे, कातडी सोलवटेपर्यंत. सलाईन लावायला येणारी सिस्टर तिला 'बंगारम' म्हणायची, तेलुगूत सोनं. रमा तिच्याकडे बघायचीही नाही.

रोज क्रिएटिनिन बघायचे. मूत्रपिंड नीट चाललंय का, हे त्या रक्ततपासणीतून कळतं. ते ठीक होतं, ताप मात्र हटत नव्हता. आणि मला तिच्या कानांचं वेड लागलं. ती चित्र रंगवत असली की मी मागे उभी राहून हळूच हाक मारायचे, "रमा." ती वळायची. थोड्या वेळाने परत.

एका दुपारी ती वळली नाही. मी पुन्हा हाक मारली. तरी नाही. पुढे जाऊन तिचा खांदा धरला तर म्हणाली, "ऐकलं गं आई. पण तू नुसतं रमा म्हणतेस, पुढे काही सांगतच नाहीस."

सलील हसायला लागला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर हळूहळू ताप उतरला. एका सकाळी तिने आपणहून डोसा मागितला. इंजेक्शनं संपल्यावरचं कल्चर स्वच्छ आलं, कानांची तपासणीही चांगली निघाली. अजून ती बाथरूममध्ये गेली की मी दाराशी घुटमळते. ही सवय इतक्यात जाईल असं वाटत नाही.

हा जंतू आला कुठून, हे मी डॉक्टरांना फार विचारलं. त्या म्हणाल्या, तो सगळीकडे आहे, शोधत बसू नका. हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं, तुमच्या मुलाचा ताप असा परतून येत असेल, तर औषध बदलण्याआधी कल्चर करायचं का, एवढं मात्र नक्की विचारा.

एक विचार सारखा येतो. रमाची वेळ आली तेव्हा ते एक औषध अजून काम करत होतं. असं औषध उगाच घेत राहिलं की जंतू त्याला सरावतात आणि मग ते लागू पडत नाही. कितीतरी लोकांनी ते उगाच घेतलं नसेल, कितीतरी डॉक्टरांनी उगाच लिहून दिलं नसेल, म्हणून ते तिच्यासाठी उरलं. त्या अनोळखी माणसांचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही. परवा तिला सर्दी झाली. डॉक्टर म्हणाल्या, अँटिबायोटिकची गरज नाही. मी तिचं नाक पुसत बसले, आणि मागितलं नाही.